जन्मजात गुन्हेगार : एका कल्पनेची परीक्षा

इ. स. १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यात हिंदुस्थानच्या तत्कालीन ब्रिटिश सरकारने एक कायदा केला. ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ हे त्याचे नाव. कायदा सामान्यतः कृत्याला शिक्षा देतो. अमुक मनुष्याने अमुक दिवशी चोरी केली, हे पुराव्याने सिद्ध झाले म्हणजे तो गुन्हेगार ठरतो. ह्या कायद्याने तो क्रम उलटा केला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने एकदा जाहीर केले, की त्या जमातीत जन्मलेल्या मनुष्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढविता येत असे. मग त्याने काही केलेले असो वा नसो. अशा मनुष्यास ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवाना घ्यावा लागे आणि ह्यांपैकी काही चुकले तर तोच गुन्हा होऊन शिक्षा होई.

आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येईल अशी तरतूद झाली. सुमारे ८१ वर्षे लाखो माणसे ह्या कायद्याच्या छायेत जन्मली व मेली. त्यांच्याविषयीचा सरकारी तर्क असा होता, की ह्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो. त्याचप्रमाणे चोराचा मुलगा चोरच होणार.

हा तर्क प्रथम ऐकताना सरळ वाटतो. परंतु सुताराचा मुलगा सुतार का होतो, हा प्रश्न विचारताच तो डळमळू लागतो. रंधा धरण्याचे कसब रक्तातून उतरत नाही. मुलगा लहानपणापासून बापाच्या कामठ्यावर बसतो, हत्यारे हाताळतो आणि गावही त्याच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा करीत नाही, म्हणून तो सुतार होतो. तोच मुलगा जन्मतः दुसऱ्या घरी वाढला असता, तर कदाचित त्याने वस्त्रे विणली असती. म्हणजे रक्ताचा पुरावा म्हणून जो दाखला दिला गेला, तो वस्तुतः संगोपनाचा दाखला होता.

कायदा करणाऱ्यांच्या मनातही हा घोटाळा होता, असे दिसते. १८९७ साली ह्याच कायद्यात दुरुस्ती करून चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची सोय करण्यात आली. गुन्हा जर रक्तातच असेल, तर मुलांना घरापासून तोडून काय साधणार? आणि तो जर सहवासातून येत असेल, तर नुकत्याच जन्मलेल्या बालकावर शिक्का का मारावयाचा? कायद्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानल्या आणि दोहोंचा भार एकाच मुलाच्या माथी टाकला.

ह्या दोन प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे शोधण्याचे प्रयत्न त्यानंतर दीडशे वर्षे चालू राहिले. त्यांची हकीकत उद्बोधक आहे.

कवटीतील खळगा

ह्याच सुमारास इटलीमध्ये चेझारे लोंब्रोझो नावाचा एक वैद्य तुरुंगातील कैद्यांची शरीरे मोजीत होता. विलेला नावाच्या एका कैद्याच्या कवटीची तपासणी करताना तिच्या मागील भागात आतल्या बाजूस त्यास एक खळगा आढळला. असा खळगा मनुष्यात क्वचित, पण काही खालच्या प्राण्यांत नेहमी असतो, असे त्याचे मत होते. त्यावरून त्याने असा सिद्धांत बांधला, की गुन्हेगार हा मानवाच्या पूर्वावस्थेकडे परत गेलेला जीव होय. आणि त्याचा जबडा, कान, कपाळ व भुवया ह्यांवरून तो ओळखता येतो. १८७६ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याचा बोलबाला युरोपभर झाला.

लोंब्रोझोने एक महत्त्वाची गोष्ट मात्र नीटशी केली नव्हती. तुरुंगाबाहेरच्या माणसांतही तीच लक्षणे तितकीच आढळतात काय, हे त्याने काटेकोरपणे तपासले नाही. ते काम इंग्लंडमधील तुरुंगांचे एक वैद्य चार्ल्स गोरिंग ह्यांनी केले. त्यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेतली, विद्यापीठांतील विद्यार्थी व सैनिक ह्यांच्या मोजमापांशी ती ताडून पाहिली आणि १९१३ साली आपला निष्कर्ष जाहीर केला. शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येईल असा गुन्हेगारांचा निराळा वर्ग अस्तित्वात नाही, असा तो निष्कर्ष होता. कैदी सरासरीने उंचीला व बुद्धीला काहीसे कमी भरले, एवढेच आढळले. गोरिंग स्वतः अनुवंशाला फार महत्त्व देणारे होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मापनाने जे दाखविले, ते त्यांनी आपल्या कलाविरुद्ध असतानाही मांडले.

एका घराण्याची वंशावळ

चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येत नाही, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. काही घराण्यांत गुन्हे पिढ्यान्‌पिढ्या होताना दिसतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील तुरुंगांची पाहणी करताना रिचर्ड डग्डेल ह्यांना १८७४ साली एकाच तुरुंगात एकमेकांचे नातलग असलेली सहा माणसे आढळली. त्यांनी त्या कुळाचा माग काढला, सुमारे ७०० व्यक्तींची माहिती जमविली आणि ‘ज्यूक’ असे टोपणनाव देऊन १८७७ साली ती प्रसिद्ध केली. चोर, भिकारी व व्यसनी ह्यांची ती लांबलचक यादी वाचून अनेकांनी अनुवंशाचा प्रश्न निकालात निघाला असे मानले.

स्वतः डग्डेल ह्यांनी तसे म्हटले नव्हते. परिस्थिती पालटली तर अशा कुळाचा प्रवाह पालटू शकेल, असा त्यांचा कल होता. परंतु पुढील लेखकांनी तो भाग मागे टाकला. अमेरिकेत १९०७ पासून एकेका राज्याने, आणि १९३३ साली जर्मनीने, ‘सदोष’ ठरविलेल्या माणसांना सक्तीने संततिहीन करण्याचे कायदे केले. त्या कायद्यांच्या समर्थनार्थ अशा वंशावळी पुढे केल्या जात.

वंशावळीतील दोष वास्तविक साधा आहे. आईबाप मुलास आपले बीज देतात, आणि आपले घर, आपले दारिद्र्य, आपली गल्ली व आपली बदनामीही देतात. ह्या दोन्ही देणग्या एकाच हाताने आलेल्या असतात. तेव्हा मुलगा बापासारखा निघाला, एवढ्यावरून त्यांपैकी कोणत्या देणगीचे हे फळ, हे कोणासही सांगता येणार नाही. हे दोन धागे प्रथम उकलावयास हवेत.

जुळी भावंडे व दत्तक मुले

निसर्गाने व समाजाने हे धागे उकलण्याची दोन साधने पुरविली आहेत. पहिले साधन जुळ्यांचे. काही जुळी एकाच फलित बीजापासून झालेली असतात व त्यांचा अनुवंश जवळजवळ संपूर्ण एक असतो. काही जुळी दोन निराळ्या बीजांपासून होतात व ती इतर सख्ख्या भावंडांइतकीच परस्परांशी मिळतीजुळती असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. म्हणून पहिल्या प्रकारात साम्य अधिक आढळले, तर ते बीजाकडे बोट दाखविते.

जर्मनीतील योहान्नेस लांगे ह्यांनी १९२९ साली अशा ३० जोड्यांचा वृत्तांत दिला. प्रत्येक जोडीतील एक भाऊ तरी शिक्षा झालेला होता. एकबीज १३ जोड्यांपैकी १० मध्ये दुसराही तुरुंगात गेलेला होता. द्विबीज १७ जोड्यांपैकी केवळ २ मध्ये. लांगे ह्यांनी ह्यावरून गुन्ह्याला विधिलिखिताचे रूप दिले. परंतु त्यांच्या जोड्या थोड्या होत्या आणि बऱ्याचशा तुरुंगांतूनच शोधलेल्या होत्या. पुढे डेन्मार्कमध्ये कार्ल क्रिस्तियानसेन ह्यांनी तुरुंगापासून आरंभ न करता जन्मनोंदींपासून आरंभ केला आणि ३,५०० हून अधिक जोड्या तपासल्या. एक भाऊ शिक्षापात्र ठरला असता दुसराही तसाच निघण्याचे प्रमाण एकबीज पुरुषांत शेकडा ३५ व द्विबीज पुरुषांत शेकडा १३ भरले. फरक राहिला, पण विधिलिखित उरले नाही. संपूर्ण एक अनुवंश व एकच घर असूनही शंभरांपैकी पासष्ट भाऊ आपल्या जुळ्या भावाच्या मार्गाने गेले नव्हते.

दुसरे साधन दत्तकाचे. बीज एका घरचे व संगोपन दुसऱ्या घरचे, असा हा योग. डेन्मार्कमधील १४,४२७ दत्तकांच्या नोंदींवरून सार्नोफ मेडनिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९८४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील दत्तक मुलग्यांविषयीचे आकडे असे आहेत. जन्मदाते व पालक ह्यांपैकी कोणासही शिक्षा झालेली नसताना मुलास शिक्षा होण्याचे प्रमाण शेकडा १३.५, केवळ पालकांना झालेली असताना १४.७, केवळ जन्मदात्यांना झालेली असताना २०, आणि दोघांनाही झालेली असताना २४.५. जन्मदात्यांशी असलेला हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांत तो दिसून आला नाही.

स्वीडनमध्ये ८६२ दत्तक पुरुषांविषयी १९८२ साली असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. किरकोळ गुन्ह्यांचे प्रमाण दोन्ही बाजू निर्वेध असता शेकडा ३, केवळ संगोपन प्रतिकूल असता ७, केवळ जन्माची बाजू प्रतिकूल असता १२, आणि दोन्ही प्रतिकूल असता ४० होते. सात आणि बारा मिळून चाळीस होत नाहीत. ह्याचा अर्थ असा, की बीज व संगोपन ही बेरजेतील दोन रकमांप्रमाणे नुसती एकापुढे एक मांडली जात नाहीत. एक दुसऱ्याचे बळ वाढविते किंवा घटविते.

वरील आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत. डेन्मार्कमध्ये ज्यांचे जन्मदाते शिक्षा भोगलेले होते, पण ज्यांचे पालक तसे नव्हते, अशा शंभर मुलग्यांपैकी ऐंशींना कधीच शिक्षा झाली नाही. ‘चोराचा मुलगा चोर’ ह्या गृहीतकावर कायदा केला असता, तर तो ह्या ऐंशी जणांच्या बाबतीत अन्याय ठरला असता.

‘गुन्ह्याचे जनुक’ आहे काय?

गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येऊ लागली तेव्हा जुनी आशा नव्या रूपाने परत आली. सामान्य पुरुषात लिंगनिश्चिती करणारी गुणसूत्रे दोन असतात : एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. १९६५ साली स्कॉटलंडमधील एका पहारेबंद रुग्णालयात एक जादा ‘वाय’ असलेले पुरुष अपेक्षेहून अधिक आढळले आणि हेच हिंसेचे मूळ, असा गाजावाजा झाला. येथेही तुरुंगाबाहेरची मोजणी राहून गेली होती. १९७६ साली कोपनहेगनमधील ४,००० हून अधिक उंच पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत असे केवळ १२ पुरुष निघाले. त्यांच्यात शिक्षा झालेले काहीसे अधिक होते, पण गुन्हे बहुतेक किरकोळ होते. हिंसेचा कल दिसला नाही. लोंब्रोझोच्या चुकीची ही पुनरावृत्ती होती. फक्त कवटीच्या जागी गुणसूत्र आले होते.

त्याहून सखोल शोध पुढे लागला. मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांचे विघटन करणारे एक विकर शरीरात असते. नेदरलँड्समधील एका कुटुंबात ह्या विकराचे जनुक पूर्णपणे निकामी झाल्याचे व त्यातील काही पुरुष अकस्मात आक्रमक होत असल्याचे १९९३ साली आढळले. असा संपूर्ण बिघाड अत्यंत विरळा असतो. परंतु विकराचे कार्य कमी किंवा अधिक ठेवणारे जनुकाचे प्रकार मात्र सर्वत्र आढळतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण चालले होते. त्यांतील ४४२ मुलग्यांविषयीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. विकराचे कार्य कमी असलेली, पण मायेने वाढलेली मुले इतरांहून अधिक हिंसक निघाली नाहीत. विकराचे कार्य कमी आणि बालपणी छळही सोसलेला, अशी मुले शेकडा १२ होती. आणि हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या शिक्षांपैकी शेकडा ४४ त्यांच्या नावावर होत्या.

पुढील सर्व अभ्यासांत हा परिणाम इतक्या ठळकपणे दिसला नाही. स्वभावाच्या घडणीत शेकडो जनुकांचा प्रत्येकी अल्पसा वाटा असतो, असे आज मानले जाते. तथापि ह्या शोधाने विचारास दिलेली दिशा मोलाची आहे. अनुवंशातून गुन्हा येत नाही. येते ती उतावीळपणा, भीतीची उणीव, आघात सोसण्याची कमीअधिक शक्ती अशा प्रकारची मनोवृत्ती. ती कोणत्या वाटेला लागेल, हे पुष्कळसे भोवतालावर अवलंबून राहते.

परिस्थिती म्हणजे काय?

‘परिस्थिती’ हा शब्दही सैलपणे वापरून चालणार नाही. तीत घरातील मारहाण येते, शाळा येते, सोबती येतात; आणि श्वासावाटे शरीरात जाणारी हवाही येते. पेट्रोलमधील शिसे बालकाच्या वाढत्या मेंदूस इजा करते. लहानपणी रक्तात शिसे अधिक असलेल्या मुलांना पुढे अटक होण्याचे प्रमाण अधिक असते, असे अमेरिकेतील सिनसिनाटी येथील अभ्यासात २००८ साली आढळले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. मेंदूतील दोष दिसला म्हणजे तो जन्मजातच, असे म्हणता येत नाही, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

परिस्थिती सुधारली असता फरक पडतो काय? अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ पासून गरीब कुटुंबांतील १२३ बालकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून त्यांपैकी ५८ जणांना उत्तम बालशाळेचा लाभ देण्यात आला. वयाच्या चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण बालशाळेत गेलेल्यांत शेकडा ३६, तर न गेलेल्यांत ५५ होते.

मात्र सद्हेतूने केलेला प्रत्येक उपाय फळतोच असे नाही. मॅसॅच्युसेट्‌समध्ये १९३९ ते १९४५ ह्या काळात ५०६ मुलांच्या दोन समान तुकड्या पाडून एकीस समुपदेशक, शिकवणी व उन्हाळी शिबिरे ह्यांचे साहाय्य देण्यात आले. तीस वर्षांनंतर पाहता साहाय्य मिळालेली तुकडी गुन्ह्यांच्या बाबतीत मुळीच उजवी ठरली नाही; काही बाबतींत तर ती डावी निघाली. तरीही त्यातील बहुतेक जण आपल्याला लाभ झाला असेच सांगत होते. दयाबुद्धीच्या उपायांनाही मापनाची गरज असते, हा धडा त्यातून मिळतो.

ज्वारीची दोन शेते

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परत येणे शक्य होते. मनुष्यामनुष्यांतील काही फरक बीजामुळे असेल, तर जमातीजमातींतील फरकही बीजामुळेच नसेल काय? एक साधा दृष्टांत घ्यावा. एकाच पोत्यातील मिश्र बियाण्याची एक मूठ काळ्या कसदार जमिनीत पेरली व दुसरी मूठ मुरमाड माळावर. प्रत्येक शेतात काही ताटे उंच व काही खुजी होतील. जमीन सगळीकडे सारखी असल्यामुळे हा फरक बियाण्याचा. परंतु माळावरचे सर्व पीक काळ्या जमिनीतील पिकाहून खुजे राहील, हा फरक सर्वस्वी जमिनीचा. शेतातील फरकाचे कारण दोन शेतांमधील फरकास लावणे ही चूक होय. आणि १८७१ च्या कायद्याने नेमकी तीच चूक केली.

ज्या जमातींवर तो शिक्का बसला त्यांची ‘जमीन’ कशी होती, हेही पाहावे. त्यांपैकी कित्येक भटक्या होत्या. बैलांच्या व गाढवांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहून नेणाऱ्या जमातींचा व्यवसाय आगगाडीने व सरकारच्या मिठाच्या धोरणाने बुडाला. काहींची रानावरची उपजीविका जंगलाच्या नियमांनी बंद झाली. त्यावर कायदा आला, आणि हजेरीला उशीर झाला हाच गुन्हा ठरू लागला. त्यामुळे शिक्षा झालेल्यांची संख्या वाढे, व ती वाढलेली संख्या जमातीच्या गुन्हेगारीचा पुरावा म्हणून दाखविली जाई. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी वसाहती झाल्या. सोलापुरातील वसाहतीस लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. तारेच्या कुंपणाआत राहणारी तेथील माणसे कापडाच्या गिरण्यांत कामे करीत. जन्मजात गुन्हेगार ठरविलेली ही माणसे संधी मिळताच गिरणीत मागावर उभी राहिली, ही गोष्ट त्या सिद्धांताच्या विरुद्ध पुरेशी बोलकी होती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला. त्याच वर्षी अनंतशयनम अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली आणि तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशात संपुष्टात आला. त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. नोंदवही मिटली तरी संशय लगेच मिटत नाही. अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले व त्यांचा रोख पुष्कळदा त्याच वस्त्यांकडे वळला. लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या ‘उचल्या’ ह्या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा शिक्का बसलेल्या घरातील बालपण कसे असते ते मराठी वाचकांपुढे आले. ह्या जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाला २००८ सालीही शिक्षण, निवारा व ओळखपत्र अशा प्राथमिक गोष्टींसाठीच शिफारशी कराव्या लागल्या.

शास्त्राचा आजवरचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. बीजाचा प्रभाव खरा आहे; तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो शक्यता सांगतो, निकाल सांगत नाही. आणि तो व्यक्तीविषयी असतो, जमातीविषयी नव्हे. बीज बदलणे आपल्या हाती नाही. शिसे काढून टाकणे, मारहाण थांबविणे, बालशाळा उघडणे व त्यांचे फळ प्रामाणिकपणे मोजणे हे आपल्या हाती आहे. ज्या मुलांचा स्वभाव अधिक हळवा किंवा अधिक उग्र असतो, त्यांना ह्याची गरज इतरांहून अधिक असते.

एखाद्या शाळेत वर्गातील पेन्सिल हरवते आणि सर्वांच्या नजरा एका विशिष्ट वस्तीतून येणाऱ्या मुलाकडे वळतात. १८७१ चा कायदा आता पुस्तकात नाही. पण त्या क्षणापुरता तो वर्गात पुन्हा लागू होतो. त्या वेळी शिक्षकाने प्रथम पेन्सिल शोधावी, आणि ती सापडेपर्यंत त्या मुलास इतर मुलांसारखेच मानावे.